यंत्राचें मराठी गद्य

परीक्षणासाठीं आलेल्या पुस्तकाचें नांव, ग्रंथकर्ता, प्रकाशक, पृष्ठसंख्या व किंमत हीं आरंभींच नमूद करण्याची चाल आपल्या मासिकांत जुनी आहे. आज ज्या दोन निबंधांचा परामर्श घेण्याचें योजिलें आहे, त्यांच्या बाबतींत ती पाळतां येत नाहीं. पृष्ठें प्रत्येकीं चार आहेत, किंमत नाहीं, प्रकाशन अद्यापि व्हावयाचें आहे, आणि ग्रंथकर्ता म्हणाल तर तें एक यंत्र आहे. पहिल्या निबंधाचा मथळा ‘कृत्रिम बुद्धिमत्ता : परिचय व उपयोग’ असा असून दुसऱ्याचा ‘आमचें गांव वराळें’ असा आहे. दोन्ही निबंध एकाच यंत्रानें, एकाच दिवशीं, घटकाभराच्या आंत लिहून दिले. असें असतां पहिला वाचून आम्हांस समाधान वाटलें आणि दुसरा वाचून चिंता वाटली. एकाच लेखणींतून उतरलेल्या दोन कृतींत एवढें अंतर कां पडावें, याचा शोध घेणें हा या लेखाचा हेतु आहे. कारण तें अंतर समजलें म्हणजे या नव्या विद्येचा खरा परिचय बराचसा झाला, असें आमचें मत आहे.

हे निबंध आमच्या हातीं कसे आले तें सांगितलें पाहिजे. मावळ तालुक्यांत, तळेगांव दाभाडे स्टेशनापासून जवळ, इंद्रायणीच्या कांठीं वराळें हें गांव आहे. पुणें शहराची वाढ आतां या बाजूस येऊन पोंचली असून भाताच्या खाचरांशेजारीं उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, व अभियांत्रिकीचें शिक्षणही गांवांतच मिळूं लागलें आहे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील मुलगा तें शिक्षण घेत आहे. गांवांतील कांहीं तरुणांनीं एक स्मरणिका काढण्याचें मनावर घेतलें व तींतील दोन लेख त्याच्याकडे सोंपविले. लेखांचे कागद घेऊन तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “काका, ऱ्हस्वदीर्घ तेवढे तपासून द्या. बाकी सगळें तयार आहे.” दोन पानें वाचतांच आम्हीं विचारिलें, “हें तूं लिहिलेंस?” तो हंसला व आढेवेढे न घेतां म्हणाला, “नाहीं काका, यंत्राकडून लिहवून घेतलें. मीं फक्त विषय सांगितला.” त्यानें तें लपविलें नाहीं, याबद्दल त्याचें कौतुकच केलें पाहिजे. ऱ्हस्वदीर्घांत दुरुस्त करण्यासारखें फारसें निघालें नाहीं. परंतु शुद्धलेखनापलीकडे जें तपासावें लागलें, तें येथें मांडीत आहों.

प्रथम पहिल्या निबंधाकडे वळूं. त्यांत या विद्येचा इतिहास नीट क्रमानें आला आहे. चार्ल्स बॅबेज यानें कल्पिलेल्या गणनयंत्रावर एडा लव्हलेस या विदुषीनें १८४३ सालीं टिपणें प्रसिद्ध केलीं, व हें यंत्र आपण होऊन नवें कांहीं निर्माण करण्याचा आव आणीत नाहीं, असें त्यांत बजाविलें. पुढें १९५० सालीं ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञानें, यंत्र विचार करतें कीं नाहीं हा वाद बाजूस ठेवून, निराळाच प्रश्न विद्वानांपुढें टाकला : दृष्टीआडून लेखी उत्तरें देणारा मनुष्य आहे कीं यंत्र, हें विचारणाऱ्यास ओळखतां आलें नाहीं तर काय म्हणावें? १९५६ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील डार्टमथ महाविद्यालयांत जॉन मॅकार्थी प्रभृतींनीं जी बैठक भरविली, तिच्या निमित्तानें या विद्येस तिचें आजचें इंग्रजी नांव मिळालें. आरंभींच्या पंडितांपैकीं अनेकांचा मार्ग नियमांचा होता. मनुष्याचें ज्ञान नियमांच्या रूपानें यंत्रास पढवावें, असें त्यांस वाटे. १९९७ सालीं बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह यास ‘डीप ब्लू’ या यंत्रानें हरविलें, तेंही मुख्यतः नियम व प्रचंड गणन यांच्या बळावर. दुसरा मार्ग उदाहरणांचा. मुलास मांजर ओळखावयास शिकवितांना कोणी मांजराची व्याख्या पढवीत नाहीं. चार मांजरें दाखवितात. यंत्रासही लाखों चित्रें दाखवावीं व चुकेल तेथें त्याची जुळणी किंचित् बदलावी, हा तो मार्ग. २०१२ सालीं चित्रें ओळखण्याच्या एका स्पर्धेंत या मार्गानें जाणाऱ्यांनीं इतरांस फार मागें टाकलें. २०१७ सालीं ‘ट्रान्सफॉर्मर’ नांवाची नवी रचना पुढें आली. २०२२ च्या नोव्हेंबरांत ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठीं खुलें झालें. आणि २०२४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक या मार्गाचा पाया घालणाऱ्या जॉन हॉपफिल्ड व जेफ्री हिंटन यांस मिळालें.

हा सर्व मजकूर आम्हीं इतर ग्रंथांशीं ताडून पाहिला. तो बरोबर आहे. मांडणी स्वच्छ आहे, आणि या विषयाची ज्यास मुळींच ओळख नाहीं अशा वाचकास ती उपयोगी पडेल. एक उणीव मात्र डोळ्यांत भरते. वराळ्याहून तासा-दीड तासावर पुण्यांत १९८८ सालीं स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, आणि देवनागरीसह भारतीय लिपि संगणकावर आणण्याचें कामही तिनें पुढें नेलें. या निबंधांत बॅबेजपासून हिंटनपर्यंत सर्व आले; पुणें आलें नाहीं. ही उणीव लहान आहे, पण दुसऱ्या निबंधांत जें मोठ्या प्रमाणावर दिसतें त्याची ती चाहूल आहे.

यंत्र मराठी लिहितें म्हणजे काय करतें, हें पहिल्या निबंधांत सांगितलें आहे; परंतु तें इतकें पारिभाषिक झालें आहे कीं आम्ही आपल्या रीतीनें सांगतों. जुन्या छापखान्यांतील खिळे जुळविणारा कसबी कामगार वाचकांनीं पाहिला असेल. तीस-चाळीस वर्षें मजकूर जुळवून त्याचा हात असा बसे कीं, हस्तलिखितांतील एखादा शब्द शाईनें बुजला असला तरी तेथें काय असावें तें त्यास मागच्यापुढच्या शब्दांवरून सुचे. बहुधा तें बरोबर असे. आतां अशी कल्पना करा कीं, त्यानें जगांतील सर्व छापखान्यांचा मजकूर जुळविला आहे, पण छापखान्याबाहेर तो कधींही पडलेला नाहीं. भात, नदी, ताप, मरण हे शब्द कोणकोणत्या शब्दांच्या शेजारीं येतात हें त्यास पक्कें ठाऊक; परंतु भात त्यानें खाल्लेला नाहीं. यंत्राचें काम साधारणतः असेंच आहे. शब्दांचे तुकडे पाडून त्यांस अंकांचीं रूपें द्यावयाचीं. झालेल्या मजकुरावरून पुढचा तुकडा कोणता असावा याचा अंदाज करावयाचा. अंदाज चुकला तर आंतील अब्जावधि अंकांपैकीं ज्यांच्यामुळें तो चुकला ते थोडे थोडे हालवावयाचे. आणि हें असंख्य वेळां करावयाचें. अखेरीस मनुष्यांकडून उत्तरांची पारख करवून यंत्रास सभ्य व उपयुक्त बोलण्याचें वळण लावतात. या रीतीनें जें सिद्ध होतें तें सामान्य नव्हे. अंदाज अचूक करण्यासाठीं व्याकरण, तर्क, व्यवहार यांचा बराच भाग त्या अंकांत उतरावा लागतो, व तो उतरतो. ‘हें केवळ पोपटपंची करणारें खेळणें आहे’ असें म्हणून जे विद्वान् नाक मुरडतात, त्यांनीं या यंत्राकडून एखादें गणित सोडवून घ्यावें. परंतु जे त्यास सर्वज्ञ समजतात, त्यांनींही हें लक्षांत ठेवावें कीं, खरें काय हें पाहण्याचा डोळा या मूळ रचनेंत नाहीं. संभाव्य काय हें जोखण्याचा कांटा मात्र आहे.

आतां नांवाविषयीं दोन शब्द. ‘कृत्रिम’ हा शब्द मराठींत बदनाम झालेला आहे. कृत्रिम हास्य म्हणजे खोटें हास्य, कृत्रिम फुलें म्हणजे कागदाचीं फुलें. त्यामुळें ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ म्हटलें कीं नकली बुद्धीची कल्पना मनांत येते, व कोणी ‘यंत्रबुद्धि’ असा पर्याय सुचवितात. आम्हांस मूळ शब्द टाकण्याचें कारण दिसत नाहीं. संस्कृतांत कृत्रिम म्हणजे केलेला, घडविलेला, एवढेंच. धर्मशास्त्रांत पुत्रांचे जे बारा प्रकार सांगितले आहेत त्यांत औरस व दत्तक यांच्याबरोबर ‘कृत्रिम’ पुत्रही आहे. तो खोटा पुत्र नव्हे. कोणीतरी त्यास आपला म्हणून पत्करलेला असतो, आणि ज्यानें पत्करला त्याच्यावर त्याची जबाबदारी येते. शब्दाचा हा जुना अर्थ या विद्येस फार लागू पडतो. घडविलेली बुद्धि औरस आहे कीं नाहीं हा वाद तत्त्वज्ञांनीं खुशाल करावा. व्यवहारांतला प्रश्न निराळा आहे : तिनें केलेलें विधान आपलें म्हणून पत्करणारा कोण?

याच कसोटीवर उपयोगांचा विचार करावा. पहिल्या निबंधांत उपयोगांची यादी लांबलचक आहे, परंतु कोणता उपयोग निर्धास्त व कोणता धोक्याचा हें सांगणारा धागा तींत नाहीं. तो धागा उदाहरणांनीं दाखवितां येईल. मुंबईंत २०१८ सालीं सुरू झालेल्या वाधवानी कृत्रिम बुद्धिमत्ता संस्थेनें कापसावरील बोंडअळीसाठीं एक साधन तयार केलें. शेतांतील कामगंध सापळ्यांत अडकलेल्या पतंगांचें छायाचित्र काढलें कीं यंत्र त्यांची गणती करतें व फवारणीची वेळ आली कीं नाहीं तें सुचवितें. यंत्रानें गणती चुकविली तर शेतकऱ्यास सापळा उघडून पतंग मोजतां येतात. छातीच्या क्ष-किरण चित्रांवरून क्षयाचा संशय ओळखणाऱ्या संगणकीय साधनांस जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं पंधरा वर्षें व त्यांवरील वयाच्या लोकांच्या चाळणीसाठीं मान्यता दिली. परंतु संशयावरून कोणी रोगी ठरत नाहीं, पुढें थुंकीची तपासणी असतेच. बारामतीच्या कृषि विकास ट्रस्टनें उंसाच्या शेतीसाठीं उपग्रहाचीं चित्रें, हवामानाचीं मापें व जमिनीतील ओलावा यांची सांगड या विद्येच्या साहाय्यानें घातली आहे. तेथेंही अखेरचा निकाल कांट्यावर उंसाचें वजन देतें. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें २०२५ च्या जून महिन्यांत शेतीसाठीं ‘महाॲग्री-एआय’ धोरण मान्य केलें, तें अशा प्रयोगांवर भरंवसा ठेवूनच. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. यंत्राच्या उत्तराबाहेर, त्यास खरें किंवा खोटें ठरविणारें कांहींतरी उभें आहे : सापळा आहे, थुंकी आहे, कांटा आहे, आणि त्यापाशीं एक जबाबदार मनुष्य आहे.

भाषांतराच्या कामीं हीच गोष्ट दिसते. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं निकालांच्या भाषांतरासाठीं ‘सुवास’ हें साधन आणलें; केंद्र सरकारची ‘भाषिणी’ योजना २०२२ सालीं सुरू झाली. मूळ मजकूर समोर असतो म्हणून भाषांतर ताडतां येतें, आणि जाणत्यानें तें ताडल्यावर लोकांचे कष्ट व पैसा वांचतो. उलट, ताडण्याचें काम कोणीच केलें नाहीं म्हणजे काय होतें, याचें उदाहरण न्यूयॉर्कमध्यें घडलें. तेथील दोन वकिलांनीं यंत्रानें रचून दिलेले, कधींही न झालेले खटले आधार म्हणून न्यायालयापुढें ठेवले, व २०२३ सालीं त्यांस पांच हजार डॉलर दंड झाला. दंड यंत्रास झाला नाहीं. ज्यांनीं त्या कागदावर सही केली त्यांस झाला, आणि तेंच योग्य होतें.

आतां दुसरा निबंध घेऊं. ‘आमचें गांव वराळें’ यांत पहिलीं तीन वाक्यें खरीं आहेत : गांव मावळांत आहे, इंद्रायणीच्या कांठीं आहे, तळेगांवाजवळ आहे. चौथ्या वाक्यांत गांव एकाएकीं चाकणच्या औद्योगिक क्षेत्रांत जाऊन बसतें. आम्ही चकित झालों. मग उलगडा झाला. वराळें नांवाचें दुसरें एक गांव शेजारच्या खेड तालुक्यांत, चाकणच्या बाजूस आहे. कारखाने त्या वराळ्याचे. यंत्रानें दोन्ही गांवें एक करून एक तिसरेंच वराळें निर्माण केलें, जें कोणत्याही तालुक्यांत नाहीं. पुढें इतिहास येतो. १७७९ च्या जानेवारींत मराठ्यांनीं इंग्रजांस कोंडलें व त्यांस तह करावयास लाविलें, ही गोष्ट खरी. पण तो तह वडगांवास झाला. निबंधांत तो वराळ्यास झाला आहे. गांव वसल्याचें एक निश्चित सालही दिलें आहे, आणि त्यास आधार कोणता हें विचारतां मुलास सांगतां आलें नाहीं. आम्हीं त्यास तें यंत्रासच विचारावयास सांगितलें. यंत्रानें तत्काळ क्षमा मागितली व दुसरें साल दिलें.

असें कां व्हावें? यंत्रास खोटें बोलण्याची खोड आहे असें नव्हे. ट्युरिंगविषयीं जगांत सहस्रावधि पृष्ठें लिहिलीं गेलीं आहेत; खिळे जुळविणाऱ्याच्या हाताखालून तीं इतक्यांदा गेलीं कीं, संभाव्य तें व खरें तें येथें एकच होऊन जातें. वराळ्याविषयीं फार थोडें लिहिलें गेलें आहे. तेथें शब्द बुजलेला नाहीं, पानच कोरें आहे. आणि कोरें पान कोरें ठेवण्याची यंत्रास संवय नाहीं. तें महाराष्ट्रांतील हजारों गांवांच्या वर्णनांवरून एका सरासरी गांवाचें वर्णन करतें व त्यावर वराळ्याचें नांव घालतें. मराठीची एकंदर स्थितिही येथें ध्यानांत घेतली पाहिजे. पुण्यांतील ‘एल३क्यूब’ या उपक्रमांतील तरुणांनीं २०२२ सालीं मराठी मजकुराचा जो संग्रह प्रसिद्ध केला त्यांत सुमारें २८ कोटि ९० लाख शब्दखंडांची नवी भर होती, व पूर्वींचे संग्रह धरून एकूण ७५ कोटि २० लाख झाले. हें काम स्तुत्य आहे. परंतु २०२० सालीं ‘जीपीटी-३’ या एका यंत्राच्या शिक्षणास ३०,००० कोटि शब्दखंड लागले होते, व त्या साहित्यांतील शब्दांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक इंग्रजी होते. मोजण्याची रीत दोन्हीकडे अगदीं एक नसली, तरी सुमारें चारशेंपटीचें हें अंतर बोलकें आहे. जी भाषा आपलें ज्ञान तोंडींच ठेवते, तिच्या वांट्यास यंत्राकडून सरासरीच येते.

निबंधाच्या भाषेविषयींही लिहिलें पाहिजे, कारण वाङ्मयाच्या मासिकाचें तें कर्तव्यच आहे. व्याकरण शुद्ध आहे. परंतु वाचतांना पायाखालीं जमीन लागत नाहीं. गांव ‘निसर्गाच्या कुशींत वसलेलें’ आहे. त्यास ‘समृद्ध वारसा’ आहे. इंद्रायणी त्याच्या जीवनांत ‘महत्त्वाची भूमिका बजावते’. तें ‘केवळ गांव नसून एक भावना’ आहे. तेथें ‘परंपरा, प्रगति आणि एकोपा’ नांदतात. यांतील एकही वाक्य वराळ्यावांचून अडलेलें नाहीं. नांव बदलून तेंच मुळशींतील अथवा जुन्नरांतील कोणत्याही गांवास लावावें, बिघडत नाहीं. वर्णनाची पहिली कसोटी ही कीं, तें दुसऱ्या वस्तूस लावूं गेल्यास बसूं नये. भाताचा परिच्छेद तर विशेष पाहण्यासारखा आहे. त्यांत ‘रोपवाटिका’ आहे, ‘पुनर्लागवड’ आहे. मावळांतला शेतकरी राब भाजतो, खाचरांत चिखलणी करतो, आवणी करतो. हे शब्द त्यांत नाहींत. ‘इंद्रायणी’ हें नदीचें नांव आलें. पण त्याच नांवाचा सुवासिक भात जवळच्या वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांत तयार होऊन १९८७ सालीं शेतकऱ्यांच्या हातीं आला, व आज घरोघर शिजतो, हें वराळ्याच्या निबंधांत सांगावें असें यंत्रास सुचलें नाहीं.

तथापि, या दोषाचें सगळें माप यंत्राच्या पदरांत घालणें न्यायाचें होणार नाहीं. ‘भूमिका बजावणें’ त्यानें शोधून काढलेलें नाहीं. इंग्रजी बातम्यांचीं घाईघाईनें केलेलीं भाषांतरें, परीक्षेसाठीं पाठ करावयाचे निबंध, सभांचीं अहवालवजा वर्णनें, यांतून गेलीं कित्येक वर्षें आपणच अशी मराठी लिहीत आलों. यंत्रानें ती इमानानें उचलली व आपणांस परत केली. आरसा वांकडा आहे असें म्हणण्यापूर्वीं तोंड पाहिलें पाहिजे.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, चुका मनुष्यांनींही केल्या आहेत. स्थलपुराणांत काय थोड्या कल्पित कथा आहेत? आक्षेप रास्त आहे. पुणें जिल्ह्याचें गॅझेटियर १८८५ सालीं तीन भागांत निघालें. त्यांतही ऐकीव माहिती आहे. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांत चुका काढणारे त्यांच्या हयातींतच निघाले. दाते व कर्वे यांनीं १९३२ ते १९३८ या काळांत सात विभागांत प्रसिद्ध केलेल्या महाराष्ट्र शब्दकोशांतही दुरुस्तीस जागा आहे. परंतु या ग्रंथांतील चूक कोणाची तरी आहे. तिला साल आहे, पृष्ठ आहे, मागें एक मनुष्य उभा आहे. दुसरा मनुष्य तिला उत्तर देऊं शकतो, आणि अशा उत्तर-प्रत्युत्तरांतूनच विद्या वाढते. वराळ्याच्या निबंधांतील सालाशीं वाद घालावयाचा कोणाशीं? विचारतांच तें बदललें.

दुसरा आक्षेप असा कीं, हीं यंत्रें झपाट्यानें सुधारत आहेत. हेंही खरें आहे. उत्तर देण्यापूर्वीं जगभरचा मजकूर धुंडाळून त्यांतील आधार दाखविणारीं यंत्रें आतां आलीं आहेत, व त्यामुळें बऱ्याच चुका टळतात. परंतु जें कोठेंच लिहिलेलें नाहीं तें धुंडाळून सांपडणार नाहीं. उलट भीति ही आहे कीं, हा निबंध स्मरणिकेंत छापला गेला असता, तर उद्यां तोच आधार म्हणून सांपडला असता. मग यंत्रानें वडगांवचा तह वराळ्यास नेला असता व खालीं वराळ्याच्याच स्मरणिकेचा दाखला दिला असता. गांवच्या लोकांनीं छापलेलें खोटें परका कसें ओळखणार?

तो निबंध छापला गेला नाहीं, त्याचें श्रेय आमचें नाहीं. मुलानें तो घरीं आपल्या आजीस वाचून दाखविला. ती माउली शाळेंत गेलेली नाहीं. गांव वसल्याचें साल येतांच तिनें त्यास थांबवून विचारिलें, “ह्ये तुला कुणी सांगितलं रं?” तो म्हणाला, “यंत्रानं.” ती म्हणाली, “त्यानं कवा पाह्यलं?” या प्रश्नास मुलापाशीं उत्तर नव्हतें. त्यानें ती हकीकत आम्हांस सांगितली, तेव्हां चार दिवस आम्हीं जी टीका मनांत जुळवीत होतों ती सारी या दोन प्रश्नांत आली आहे, असें आम्हांस आढळलें. इतिहासाचा अभ्यासक कागदास जें विचारतो, न्यायाधीश साक्षीदारास जें विचारतो, तेंच तिनें विचारिलें.

पुढें काय झालें तें सांगून हा लेख पुरा करतों. पहिला निबंध स्मरणिकेंत यावयाचा आहे. तो यंत्राकडून लिहवून घेतला असून कोणीं तपासला, हें खालीं छापण्याचें ठरलें आहे. पुण्याच्या कामाचा एक परिच्छेद मुलानें स्वतः जोडला. दुसरा निबंध त्यानें रद्द केला व आजीपाशीं वही घेऊन बसला. पूर्वीं राब कसा भाजीत, नदीस पूर आला म्हणजे पाणी कोठवर चढे, लग्नाच्या बैलगाड्या कोणत्या वाटेनें जात, हें ती सांगते व तो लिहून घेतो. आजीच्या तोंडचें तेवढें यंत्राकडून ध्वनीवरून अक्षरांत उतरवून घेतां येतें, म्हणून हात दुखेल तेव्हां तो तेंही करतो. मग आजीस वाचून दाखवून चुका सुधारतो. ‘आवणी’स यंत्र प्रथम ‘अवनी’ म्हणत असे, तें दुरुस्त करावें लागलें. आजीचें सांगणें सर्वच खरें असेल असें नाहीं; तीही विसरते, तिचाही कांहीं पक्ष असतो. परंतु त्या लेखाखालीं सांगणारीचें व लिहिणाऱ्याचें नांव राहील, आणि ज्यास तें पटणार नाहीं त्यानें त्या घरीं जाऊन विचारावें.

गांवोगांवच्या शिकलेल्या मुलांनीं हें काम हातीं घ्यावें, अशी आमची विनंति आहे. त्यासाठीं यंत्र जरूर वापरावें. त्याच्याइतका तत्पर लेखनिक मिळणें कठीण आहे. मात्र जें सांगावयाचें तें ज्यानें पाहिलें, त्याच्याकडे आधीं जावें. वराळ्याच्या त्या वहीचीं आजवर एकवीस पानें भरलीं आहेत.